फाटकावरची पांढरी पट्टी

त्या खोऱ्यात एकेचाळीस घरं होती, आणि एकेचाळीस घरांची एकेचाळीस फाटकं थोरलीला तोंडपाठ होती. कुठली कडी उचलून मग ओढावी लागते, कुठल्या फाटकामागचं कुत्रं नुसतंच भुंकतं आणि कुठलं न भुंकता चावतं, कुठली बाई कॅनमध्ये दूध कमी आणि गाडीच्या खिडकीशी गप्पा जास्त ओतते, हे सगळं तिला विचारावं. बावीस वर्षं ती दूध डेअरीची गाडी चालवत होती. पहाटे निघायची, वरच्या रस्त्यानं चढायची, खालच्या रस्त्यानं उतरायची. गाडी जुनी होती, पण हॉर्न असा खणखणीत की लोक म्हणायचे, हिच्या गाडीला इंजिन नंतर बसवलं असेल, आधी हॉर्न.

थोरली हे तिचं नाव नव्हे. घरात दोन भाऊ, त्यांच्या दोन बायका. ही मोठ्याची म्हणून थोरली आणि ती लहान्याची म्हणून धाकटी. हळूहळू अख्खं खोरंच त्यांना तसं म्हणायला लागलं. थोरलीचा नवरा लाकडाच्या वखारीत करवतीवर होता. दीर गवंडी. दोघा भावांचं कधी वाकडं आलं नाही. एकाला ठेच लागली तर दुसऱ्यानं पाय चोळावा, असे. जावांचं मात्र निराळं होतं.

सासूबाई शेवटचे आठ महिने अंथरुणावर होत्या, धाकटीकडे. धाकटी कपडे शिवायची, घरीच असायची, म्हणून सगळं तिच्यावर पडलं. उशापायथ्याचं, न्हाऊमाखू घालण्याचं, रात्री चारदा उठण्याचं, सगळं. थोरली आठवड्यातून एकदा यायची, दूध ठेवायची, पाच मिनिटं हात हातात घेऊन बसायची आणि निघायची. सासूबाई गेल्या त्या सकाळी निरोप मिळाला तेव्हा थोरलीच्या गाडीत तीनशे लिटर दूध होतं. ते डेअरीत उतरवून ती आली, तोवर अंगण माणसांनी भरलेलं. धाकटीनं तिला बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आल्या बघा. दूध नासलं नाही ना, ते विचारा आधी."

कुणीतरी हसलं. मुद्दाम नाही, चुकून, पण हसलं. थोरलीच्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. सगळं आटोपल्यावर फाटकातून बाहेर पडताना ती एवढंच म्हणाली, "पुन्हा ह्या फाटकाच्या आत पाऊल टाकणार नाही मी."

रागात माणूस काहीही बोलतं. पण ही बोलली ते पाळत बसली. एक वर्ष, दोन वर्षं, बघता बघता अकरा. धाकटीच्या आठ शेळ्या होत्या, तिचंही दूध डेअरीत जायचं. रोज सकाळी कॅन फाटकाबाहेर दगडावर ठेवलेला असायचा. थोरली दोनदा हॉर्न वाजवायची, कॅन उचलायची, रिकामा ठेवायची, जायची. धाकटी खिडकीचा पडदा सुद्धा हलवायची नाही. भाऊ एकमेकांकडे जेवायचे, बायका आपापल्या घरी. दोघींनाही आता आपण का भांडलो हे आठवायची गरज उरली नव्हती. न बोलणं हाच एक संसार होऊन बसला होता.

त्या खोऱ्याला वणव्याची भीती होती. उन्हाळा संपता संपता डोंगरावरचं गवत इतकं वाळायचं की पायाखाली काच मोडल्यासारखं वाजायचं. शहरातला बंब यायला दोन तास लागत. म्हणून लोकांनी स्वतःचं आगपथक काढलं होतं, तेवीस माणसांचं. पगार नाही, पाणी नाही, कौतुक तर नाहीच. डेअरीनं जुना दुधाचा टँकर दिला, तो लाल रंगवला. कितीही धुतला तरी ऊन चढलं की त्याला आंबूस वास सुटायचा. पथकाचे प्रमुख गुरुजी. चाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेला माणूस. आग लागली तरी आधी कोन मोजेल, असं लोक म्हणत. पण त्यांच्या हाताखाली एकही माणूस दगावला नव्हता.

थोरली पथकात आली ती फाटकांमुळे. वणवा आला की घरोघर जाऊन माणसं बाहेर काढायची आणि नदीपलीकडच्या शाळेत पाठवायची, हे काम गुरुजींनी तिला दिलं. नियम त्यांनी इयत्ता चौथीला सांगावा तसा सांगितला होता. गाडीतून उतरायचं. दारापर्यंत जायचं. दार वाजवायचं. नाव घेऊन हाक मारायची. मागं गोठ्यात बघायचं. आणि आत कुणी नाही याची खात्री झाली की मगच फाटकाला पांढरी पट्टी बांधायची. पट्टीचा अर्थ टँकरवाल्यांसाठी होता: इथं माणूस नाही, इथं पाणी घालवू नका, पुढं जा. जुन्या चादरी फाडून त्या पट्ट्या थोरलीनंच केल्या होत्या.

त्या वर्षी वणवा भर दुपारी आला. कुठून लागला ते शेवटपर्यंत कळलं नाही. दीडच्या सुमाराला शाळेचा भोंगा वाजला, आणि थोरली ताटावरून तशीच उठली. नवरा आणि दीर टँकरवर गेले. वॉकीटॉकीवर गुरुजींचा आवाज आला, "थोरली, वरचा रस्ता तुझा. नऊ घरं. वारा बदलायच्या आत."

आठ घरं तिनं नियमानं केली. एका म्हातारबुवांना कोंबड्या सोडून यायचं नव्हतं; तिनं कोंबड्यांसकट त्यांना शेजाऱ्याच्या गाडीत बसवलं. एका घरी सून निघायला तयार, पण ओली कपबशी पुसून ठेवल्याशिवाय सासू हलेना. थोरलीनं कपबशी हातातून काढून घेतली आणि सासूला दंडाला धरून बाहेर आणलं. आठ फाटकं, आठ पट्ट्या. नववं घर वळणापलीकडं, एकटं. धाकटीचं.

ती पोहोचली तेव्हा धूर पिवळा झाला होता आणि सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा दिसत होता. फाटक बंद. तिनं दोनदा हॉर्न वाजवला. थांबली. मग एकदा लांब वाजवला. पडदा हलला नाही. धाकटीची स्कूटर घराच्या कडेला पत्र्याखाली असायची, ती फाटकातून दिसत नसे. थोरलीनं स्वतःशी म्हटलं, गेली असेल. शिवलेले कपडे द्यायला जाते ना ती खाली, मंगळवारी.

तो बुधवार होता. आणि तो बुधवार आहे हे तिला माहीत होतं.

ती उतरली. फाटकापासून दारापर्यंत चौसष्ट पावलं. पुढं तिनं ती कितीतरी वेळा मोजली. त्या वेळी मात्र तिचा हात कडीवर गेला आणि तिथंच राहिला. दुसऱ्या हातात पट्टी होती. तिनं पट्टी बांधली, गाठ ओढून घट्ट केली, आणि गाडी वळवली.

वीस मिनिटांनी टँकर तिथं आला. आग तोवर मागच्या उतारावर पोहोचली होती. गाडी थोरलीचा नवरा चालवत होता, शेजारी दीर. स्वतःच्या घराचं फाटक बघून दिरानं आधी दरवाजा उघडला, एक पाय खाली टाकला, मग त्याला पट्टी दिसली. तो पाय त्यानं परत वर घेतला. "वहिनींनी बांधलीय," तो म्हणाला. "म्हणजे ती निघाली. घराचं काय, घर मी परत बांधीन. चल दादा, पुढं." टँकर खालच्या तीन घरांकडे गेला, आणि ती तिन्ही घरं वाचली.

शाळेच्या मोठ्या खोलीत गुरुजी यादी वाचत होते आणि लोक हात वर करत होते. धाकटीच्या नावाला हात वर झाला नाही. "येत असेल मागून," कुणीतरी म्हणालं.  तिनं सगळ्या वर्गखोल्या बघितल्या. हौदापाशी बघितलं. मुलींच्या संडासात वाकून बघितलं. पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात केली. वीस मिनिटं ती अशी फिरली, आणि त्या वीस मिनिटांत ती कुणाशीच काही बोलली नाही. शेवटी गुरुजींपाशी जाऊन म्हणाली, "धाकटी दिसत नाही." मी दारापर्यंत गेले नव्हते, हे म्हणाली नाही.

टँकर परत फिरला. घराचं छप्पर खाली आलं होतं. धाकटी सापडली मागं, शेळ्यांना पाणी पाजायच्या सिमेंटच्या टाकीत. उताणी पडली होती, पाणी हनुवटीपर्यंत, तोंडावर ओलं कांबळं. कांबळं वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही हातांनी कडा धरून ठेवल्या होत्या. हात पाण्याबाहेर होते. जीव वाचला तो कांबळ्यामुळे, आणि हात भाजले तेही त्या कांबळ्यामुळे.

*

ती पाच आठवडे दवाखान्यात होती. वणव्यानंतर दहा दिवसांनी पथकाची बैठक झाली. काय बरोबर झालं, काय चुकलं, हे गुरुजी प्रत्येक आगीनंतर लिहून काढत. नववं घर आलं. गुरुजी म्हणाले, "पट्टी होती आणि माणूस आत होतं. हे कसं?"

थोरली पुढं सरकली. आता सांगायचंच, असं ठरवून ती आली होती. पण तिच्या आधी दीरच उठला. "ती बोलली काल माझ्याशी, दवाखान्यात. म्हणाली, वहिनी आल्या तेव्हा ती खाली ओढ्याकडे शेळ्या सोडायला गेली होती. हॉर्न ऐकू आला नाही. परत आली तर आग दारात."

"म्हणजे पट्टी बांधली तेव्हा घर रिकामंच होतं," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी तसं लिहिलं. "थोरली, तुझ्याकडे बोट नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. थोरलीचं तोंड उघडं होतं, ते तिनं मिटलं. मिटताना तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच तिला पुढं सगळ्यात जास्त किळस आली.

धाकटीचं घर जळालेलं, म्हणून दवाखान्यातून ती थोरलीकडेच आली. अकरा वर्षं तोंड न बघणाऱ्या दोघी एका छपराखाली आल्या. थोरलीनं तिला आतली खोली दिली. सकाळी गाडीवरून आली की ती धाकटीला भरवायची, केस विंचरायची, परकराची नाडी बांधायची, दिवसातून दोनदा पट्ट्या बदलायची. ओल्या पट्टीला चिकटलेली कातडी सुटताना धाकटी दात आवळायची, आणि थोरली आपलेच दात आवळून घ्यायची. बोलणं जेवढ्यास तेवढं. धाकटी काही सोशिक रोगी नव्हती. भात गार आहे, उशी उंच आहे, भांग वाकडा पाडलाय, हे ती स्पष्ट सांगायची. थोरली मुकाट्यानं भांग पुन्हा पाडायची. तिला कुणी रागावलं की जरा बरं वाटायचं.

लोक मात्र कौतुकच करत सुटले. पोस्टमन दारात टपाल देताना म्हणाला, "जावा असाव्यात तर अशा." फाटकाफाटकावर बायका म्हणायच्या, "संकटात खरं माणूस कळतं हो." एकीनं तर स्वतःच्या सुनेला शिकवण म्हणून थोरलीचं उदाहरण दिलं. अशा वेळी थोरली मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. कॅन उचलायची आणि गाडीत बसायची. वरच्या रस्त्यावरच्या नवव्या फाटकाशी आता कॅन नसायचा. आठ शेळ्यांपैकी तीनच परत आल्या होत्या आणि त्या थोरलीच्याच परसात बांधलेल्या असायच्या. तरी ती गाडी वळणापर्यंत न्यायची, उतरायची, आणि चौसष्ट पावलं चालून यायची. मोडकं दार, काळ्या भिंती, वितळून वाकडं झालेलं शिलाईचं मशिन. परत येताना पुन्हा चौसष्ट.

डॉक्टरांनी धाकटीला एक मऊ चेंडू दिला होता, दिवसभर दाबायला. डावा हात हळूहळू वळला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र आखडूनच राहिली. खोऱ्यातल्या सगळ्या पोरांचे शाळेचे कपडे ती शिवायची. एक दिवस तिनं सुईत दोरा ओवायला घेतला. थोरली दारातून बघत होती. धाकटीनं सहा वेळा प्रयत्न केला, मग सुई उशीला टोचून ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तरीही थोरली बोलली नाही. तिचं तोंड उघडलं ते दिरामुळे.

दीर मुळात गप्पिष्ट माणूस. विटेवर वीट ठेवताना सुद्धा त्याची गोष्ट चालू असायची. आगीनंतर तो वाळत चालला होता. एका रविवारी दुपारी तो पायरीवर बसला होता, आणि थोरली आतून पाणी घेऊन आली तर त्याचे खांदे हलत होते. तिला वाटलं, खोकला. मग कळलं, रडतोय.

"भाऊजी, काय झालं?"

"वहिनी, मी फाटकापाशी होतो हो." त्यानं तोंड पुसलं. "एक पाय खाली होता माझा. नुसतं एकदा ओरडलो असतो तिच्या नावानं, तरी तिनं ऐकलं असतं. माझं घर, माझी बायको, आणि मी पाय वर घेतला. दादाला म्हणालो, चल पुढं. हा माझा आवाज रोज ऐकू येतो मला."

"तुम्ही पट्टी बघितलीत म्हणून..."

"पट्टी तर बरोबरच होती. तुम्ही आलात तेव्हा ती नव्हती घरात. तुमचं काहीच चुकलं नाही. नवरा मी आहे तिचा. मी खाली उतरायला हवं होतं."

थोरली पेला हातात घेऊन उभी राहिली. तिच्या चुकीचं ओझं हा माणूस आपल्या डोक्यावर घेऊन तीन महिने हिंडत होता, आणि वर तिलाच समजावत होता. पेला तिनं पायरीवर ठेवला आणि आत गेली. धाकटी खाटेवर बसून चेंडू दाबत होती. थोरली तिच्यासमोर स्टुलावर बसली.

"मी आत आले नव्हते," ती म्हणाली.

"कुठं?"

"त्या दिवशी. फाटकावरनंच पट्टी बांधली मी. दारापर्यंत आले नाही, हाक मारली नाही. तू नसशील असं मनाला समजावलं आणि निघाले. आठ घरांत गेले, तुझ्याच घरात गेले नाही."

धाकटीनं चेंडू मांडीवर ठेवला.  मग म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"खिडकीत होते मी. ओढ्याकडे बिढ्याकडे कुठं गेले नव्हते, ताई. मशिनवर बसले होते. धूर दिसत होता, भोंगाही ऐकला होता. तुमचा हॉर्न दोनदा ऐकला, मग तो लांब. पडद्याच्या फटीतून बघितलं. तुम्ही उतरलात. मला वाटलं, आता येतील. अकरा वर्षांनी का होईना, माझ्या दारात येऊन म्हणतील, चल. आणि मी काय ठरवलं होतं सांगू? लगेच दार उघडायचं नाही. दोनदा हाक मारू द्यायची, मग उघडायचं."

थोरलीनं खाटेची कड धरली.

"तुम्ही कडीला हात लावलात, तोही मी बघितला," धाकटी म्हणाली. "मग पट्टी बांधलीत आणि गेलात."

"अगं, मग ओरडायचंस की! खिडकी उघडून शिव्या द्यायच्यास!"

"नाही ओरडले. म्हटलं, नाही येत ना, नका येऊ. माझी मी जाईन. स्कूटर काढली तर ती सुरू होईना. आठ-दहा लाथा मारल्या. मग शेळ्या सोडल्या. तेवढ्यात पुढं टँकरचा आवाज आला. ओरडत धावले, पण इंजिनाच्या आवाजात कोण ऐकतंय. घराला वळसा घालून पुढं येईपर्यंत टँकर गेला होता."

"मग भाऊजींना खोटं का सांगितलंस? मला वाचवायला?"

"तुम्हाला?" धाकटी हसली, पण ते हसू काही सुखाचं नव्हतं. "काय सांगणार होते त्यांना? जाऊ दारात आली नाही म्हणून मी आगीत रुसून बसले? माझी लाज झाकली मी. तुमची त्यात आपोआप झाकली गेली."

खरं म्हणजे हे ऐकून थोरलीचं अर्धं ओझं उतरायला हवं होतं. दोघींची चूक, निम्मी निम्मी. पण ते काही तसं विभागलं जाईना. ती म्हणाली, "तू हट्ट केलास तो तुझ्या जिवावर. मी केला तोही तुझ्याच जिवावर. आणि मला तर तुला वाचवायच्या कामावर पाठवलं होतं."

धाकटीनं त्याला नाही म्हटलं नाही. ती म्हणाली, "त्यांना सांगणार तुम्ही?"

"सांगायलाच हवं. तिकडं पायरीवर बसून रडताहेत ते. त्यांना वाटतंय, चूक त्यांची."

धाकटीनं डोळे मिटले. "मग मलाही सांगावं लागेल. चला, धरा मला. आताच जाऊ, नाहीतर मी परत काहीतरी रचीन."

दोघी बाहेर गेल्या. दीर तसाच पायरीवर होता. थोरलीचा नवरा परसात लाकडं रचत होता, त्यालाही बोलावलं. थोरलीनं सांगितलं, मग धाकटीनं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. इतक्या मोठ्या गोष्टीला इतकेच शब्द लागतात याचं थोरलीला नवल वाटलं.

दीर उठला. बायकोकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, चपला पायात घातल्या आणि रस्त्यानं चालत गेला. संध्याकाळी परत आला तो कुणाशी न बोलता. थोरलीचा नवरा लाकडं रचतच राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मला तरी त्या दिवशी सांगायचं होतंस." एवढंच. पण तीस वर्षांत त्यानं तिला याहून जड काही ऐकवलं नव्हतं.

गुरुजींकडे ती दुसऱ्या दिवशी गेली. त्यांनी वही काढली, चष्मा लावला, आधीच्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि खाली नवं लिहिलं. मग म्हणाले, "तू चुकलीस ते चुकलीसच. पण मीही चुकलो. सगळी माणसं सगळ्यांशी बोलतात, असं धरून मी नियम केला. भूमितीत चालतं तसं." त्यांनी नियम बदलला. यापुढं दोघांनी मिळून जायचं, आणि पट्टी फाटकाला नाही, घराच्या दाराला बांधायची. म्हणजे दारापर्यंत जावंच लागेल.

"मला पथकातून काढा," थोरली म्हणाली.

"का? सुटका हवी?" गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "घरोघर तुला पाठवणार नाही. नदीवरच्या पंपावर बस. टँकर भरायचा. तिथं कुणाच्या घरात जावं लागत नाही."

गोष्ट खोऱ्यात पसरायला दोन दिवस पुरले. कौतुक बंद झालं. एका बाईनं आपला कॅन स्वतः सायकलवरून डेअरीत न्यायला सुरुवात केली. थोरलीची गाडी शेजारून जायची तेव्हा ती खाली मान घालून पेडल मारायची. पोस्टमन टपाल द्यायचा, बोलायचा नाही. थोरलीला वाईट वाटलं, पण त्या वाईटात निदान खोटेपणा नव्हता. ती रोज सगळ्या फाटकांवर जात राहिली.

धाकटीशी मात्र बोलणं सुरू झालं, म्हणजे बहुतेक भांडणच. अकरा वर्षांचं साठलेलं दोघींनी महिनाभर उपसलं. सासूबाईंच्या आजारपणाचं, त्या सकाळचं, कोण हसलं होतं त्याचं. "तुम्ही एकदा रात्रीच्या राहिला असतात," धाकटी म्हणाली, "तर मी ते बोलले नसते." थोरली म्हणाली, "मला भीती वाटायची. त्या अशा झालेल्या बघवायच्या नाहीत मला. दुधाचं निमित्त होतं." हे तिनं कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. धाकटीनं हळूहळू कात्री धरायला सुरुवात केली. कापड बेतायचं, कापायचं ती. मशिन चालवायला खालच्या रस्त्यावरच्या दोन मुली येऊ लागल्या. काजं तिला आता जमत नाहीत. कुणी काजाची चौकशी केली की ती हात पदराखाली घेते आणि थोरली खोलीतून उठून जाते.

दिरानं पाऊस उघडल्यावर घर बांधायला घेतलं. थोरली दुपारची गाडी लावून तिथं जायची आणि विटा उचलून द्यायची. त्यानं तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पाच महिने तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. वीट हवी असली की हात मागं करायचा. ती वीट त्या हातात ठेवायची. भिंत खिडकीच्या उंचीला आली त्या दिवशी त्यानं थापी बादलीत टाकली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी."

तिच्या हातातली वीट खाली पडली.

"माफ केलं असं मला अजून म्हणता येत नाही. प्रयत्न करून बघितला, जमत नाही. खोटं बोलू?"

"नका बोलू."

"तिच्यावरही राग आहे. स्वतःवरही आहे. पण रोज गप्प बसून काम करायचा कंटाळा आलाय मला." त्यानं हात झटकले. "थर्मासमध्ये चहा आहे का काही?"

होता. तिनं झाकणात ओतून दिला. तो अर्धा प्याला, आणि शेजारच्या गावात एका मालकानं त्याच्याकडून जिन्याशिवाय माडी कशी बांधून घेतली, ती गोष्ट सांगायला लागला. मधेच थांबला, जळक्या पत्र्याकडे बघत राहिला, मग पुन्हा सांगू लागला. थोरली विटांच्या ढिगावर बसून ऐकत होती. कुठं हसायचं ते तिला कळत होतं, पण ती हसली नाही. गोष्ट संपल्यावर ती उठली, पडलेली वीट उचलली, तिचा कोपरा उडाला होता म्हणून बाजूला ठेवली, आणि दुसरी त्याच्या हातात दिली.